घरच्या पीसीसाठी बेंचमार्क सॉफ्टवेअर कसं निवडायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

"माझा कॉम्प्युटर किती फास्ट आहे ते बघायचंय, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" या प्रश्नाला एका नावात उत्तर देता येत नाही. बेंचमार्क म्हणजे मशीनला ठरावीक काम देऊन वेग आकड्यात मोजणारी टेस्ट. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएसडी ही चार वेगळी खाती आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण मशीन नेमकं कुठे अडतंय हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून आधी प्रश्न पक्का करायचा, मग त्या प्रश्नाचं सॉफ्टवेअर घ्यायचं.

खालच्या पायऱ्या मुख्यतः विंडोजवाल्यांसाठी आहेत. मॅक आणि लिनक्सचा उल्लेख गरजेपुरता येईल.

## १. प्रश्न एका ओळीत लिहा

घरगुती वापरात साधारण चारच प्रश्न असतात.

- नवीन मशीन घेतलंय किंवा जोडलंय. त्यातल्या पार्ट्सकडून जेवढी अपेक्षा आहे तेवढं ते देतंय का?
- आधी बरं चालायचं, आता रखडतं. नक्की काय बिघडलं?
- अपग्रेड करायचंय. पैसे कशात घालू?
- सेटिंग बदललं, ड्रायव्हर टाकला, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलली. फरक पडला का?

पहिल्या प्रश्नाला दुसऱ्यांच्या स्कोअरशी तुलना लागते, म्हणून भरपूर लोक वापरतात तेच सॉफ्टवेअर घ्यावं. चौथ्यासाठी तुलना स्वतःच्याच कालच्या आकड्याशी असते. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, फक्त आवृत्ती आणि परिस्थिती तीच हवी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात मात्र निव्वळ बेंचमार्क पुरत नाही, सोबत सेन्सर बघणारं सॉफ्टवेअर लागतं.

## २. हाताशी काय हवं

- एचडब्ल्यूइन्फो ६४: तापमान, क्लॉक (चिप किती वेगाने चालतेय), वॅट सगळं दाखवतं. फुकट. यादीतलं एकच टाकायचं असेल तर हे टाका.
- सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड: आत कुठला पार्ट आहे आणि तो कसा जोडलाय हे सांगतात.
- सिनेबेंच: प्रोसेसरसाठी. फुकट.
- थ्रीडीमार्कची फुकट आवृत्ती किंवा युनिजिन सुपरपोझिशन: ग्राफिक्ससाठी.
- क्रिस्टलडिस्कमार्क आणि क्रिस्टलडिस्कइन्फो: पहिलं वेग मोजतं, दुसरं ड्राइव्हची तब्येत सांगतं. नावं सारखी असल्यामुळे लोक हमखास गल्लत करतात.
- सेव्हन-झिप: फाइली झिप करायचं नेहमीचंच. त्यात बेंचमार्कही आहे.
- एक वही किंवा एक्सेल शीट.

थ्रीडीमार्क काही जीबींचं आहे, बाकीची सॉफ्टवेअर त्या मानाने लहान. सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कमार्क यांची झिप आवृत्तीही मिळते. इन्स्टॉल न करता फोल्डरमधून चालवा, काम झालं की फोल्डर उडवा.

## ३. डाउनलोड बनवणाऱ्याच्याच साइटवरून

या सॉफ्टवेअरची नकली पानं सर्चमध्ये जाहिरात म्हणून सगळ्यात वर येतात. दिसायला हुबेहूब, आत मालवेअर. जाहिरातीच्या लिंकवर क्लिकच करू नका. फाइल उतरवल्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स इथे बनवणाऱ्या कंपनीचं नाव येतंय का ते बघा. सहीचा टॅबच नसेल तर संशय घ्यायला हरकत नाही. अपवाद आहेत: सेव्हन-झिपचे इन्स्टॉलर बरीच वर्षं सहीविनाच येत आलेत. "ऑल इन वन पीसी टेस्ट आणि स्पीड बूस्टर" छापाचं काहीही टाकू नका. असलं सॉफ्टवेअर आधी मशीन वाईट ठरवतं आणि मग इलाज विकतं.

## ४. मोजण्याआधी मशीन शांत करा

मशीन चालू करून निदान दहा मिनिटं थांबा. चालू झाल्या झाल्या विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्च इंडेक्सिंग पाठीमागे धावत असतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर दोन-चार टक्क्यांवर स्थिरावला की सुरू करा.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःहून वीज कमी खेचतात, मग स्कोअर पडतो आणि दोष प्रोसेसरला मिळतो. चार्जर लॅपटॉपसोबत आलेलाच हवा. कमी वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तरी "चार्जिंग" दिसतं, पण लोड आला की मशीन हात आखडता घेतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये "बेस्ट परफॉर्मन्स" ठेवा. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं कंट्रोल सॉफ्टवेअर असेल तर त्यातला मोडही बघा, कारण बहुतेक वेळा शेवटचा शब्द त्याचाच असतो. ब्राउझर, स्क्रीन रेकॉर्डर, रंगीत लाइटांचं सॉफ्टवेअर बंद करा.

आणि लॅपटॉप गादीवर ठेवून मोजू नका. खालच्या जाळीतून हवा आत जायला हवी.

## ५. प्रोसेसर: सिनेबेंच, पण दहा मिनिटं

सिनेबेंच एक थ्रीडी चित्र प्रोसेसरकडून रेंडर करून, म्हणजे हिशेबाने रंगवून, घेतं आणि त्याला गुण देतं. सध्या लोकांच्या मशीनवर दिसतात त्या मुख्यतः आर२३ आणि २०२४ या आवृत्त्या. इथे पहिला मोठा खड्डा: दोघींचे गुण एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. आर२३मध्ये सहा कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) डेस्कटॉप प्रोसेसरचा मल्टी-कोअर स्कोअर हजारांत येतो, २०२४मध्ये तोच प्रोसेसर काहीशेंवर येतो. कुणी "माझा सहाशे आलाय, प्रोसेसर जळालाय का?" असं विचारलं की आधी आवृत्ती विचारायची. २०२४ला १६ जीबी रॅम लागते. ८ जीबीवाल्यांनी आर२३च वापरावं.

सिंगल-कोअर आणि मल्टी-कोअर दोन्ही चालवा. ब्राउझिंग, ऑफिसचं काम आणि बरेचसे गेम सिंगल-कोअरच्या जोरावर चालतात. व्हिडिओ एन्कोड करणं, रेंडरिंग, मोठा कोड कंपाइल करणं यांना मल्टी-कोअर लागतो. वापर पहिल्या प्रकारचा असेल तर मल्टी-कोअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका.

दुसरा खड्डा वेळेचा. सिनेबेंचमध्ये टेस्ट किमान दहा मिनिटं चालवण्याची सोय आहे आणि ती आपोआप चालूच असते. कंटाळा येतो म्हणून लोक ती बंद करून एकच फेरी मारतात. एक फेरी वेगवान प्रोसेसरवर मिनिटभरातच उरकते, आणि घात तिथेच होतो. इंटेलच्या प्रोसेसरला दोन वीजमर्यादा असतात: थोड्या वेळासाठीची मोठी आणि कायमची लहान. कोअर आय५-१२४०पी हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. त्याची मूळ मर्यादा २८ वॅट, टर्बोची, म्हणजे थोड्या वेळच्या जोरकस धावेची, कमाल ६४ वॅट. पहिली काही सेकंद तो जोरात पळतो, नंतर लॅपटॉपच्या कूलिंगला जेवढं झेपतं तेवढ्यावर येतो. एका फेरीत तुम्ही फक्त ती पहिली धाव मोजता. तासभर व्हिडिओ एक्सपोर्ट करताना ती धाव कामाला येत नाही.

म्हणून असं करा. एचडब्ल्यूइन्फो उघडताना "सेन्सर्स ओन्ली"वर टिक करा. सेन्सरच्या खिडकीत तीन ओळी शोधा: सीपीयू पॅकेज पॉवर, कोअर क्लॉक आणि थर्मल थ्रॉटलिंग (गरम झाल्यामुळे वेग आपोआप कमी होणं). खालचं घड्याळाचं बटण दाबून जुने आकडे पुसा, सिनेबेंच सुरू करा आणि बघत बसा. वॅटचा आकडा सुरुवातीला उसळतो, मग साधारण अर्ध्या ते एक मिनिटाने पायरी उतरल्यासारखा खाली येतो. ही पायरी ठरलेल्या मर्यादेवर येऊन स्थिर झाली आणि थ्रॉटलिंगपुढे "नो" असेल तर मशीन ठीक आहे. वॅट सारखे वरखाली नाचतायत, तापमान शंभराला टेकलंय आणि थ्रॉटलिंगपुढे "येस" आलंय, तर कूलिंग कमी पडतंय.

तापमान बघताना प्रोसेसरची जातही बघा. रायझन ७००० मालिकेतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेत, त्यामुळे तिथे नुसते ९५ बघून घाबरायचं कारण नाही. जुन्या ६५ वॅटच्या प्रोसेसरवर मात्र तोच आकडा धुळीने भरलेल्या कूलरची खूण असू शकतो.

गीकबेंच ६ कधी? विंडोजची मॅकशी किंवा फोनशी तुलना करायची असेल तेव्हा. काही मिनिटांत आटोपतं, आणि २५०० गुण म्हणजे कोअर आय७-१२७०० अशी त्याची मोजपट्टी आहे. पण त्यातल्या टेस्ट तुकड्यातुकड्यांत असतात आणि मध्ये प्रोसेसरला दम खायला वेळ मिळतो, त्यामुळे गरम होऊन मंदावणारं मशीनही त्यात छान पास होतं. फुकट आवृत्ती निकाल थेट वेबवर टाकते, हेही ध्यानात असू द्या.

प्राइम९५, ओसीसीटी, फरमार्क ही नावं याच यादीत घुसवलेली दिसतात. ती मुख्यतः ताण देण्यासाठी आहेत. मशीन बंद पडतं का, चुका करतं का हे बघायला ठीक, वेग ठरवायला नाही. नवख्यांनी फरमार्क तासन्‌तास चालवण्यात काहीच हशील नाही.

## ६. ग्राफिक्स: आधी केबल बघा

डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला, हे आधी बघा. हसू येईल, पण महागडं कार्ड बसवून मॉनिटर मदरबोर्डला जोडणारे कमी नाहीत. मग गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालू शकतात. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर टेस्टच्या निकालात कुठल्या जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) नाव छापलंय ते वाचा.

थ्रीडीमार्कमध्ये टेस्टची मोठी यादी दिसते. त्यातून निवड अशी:

- गेमिंगचं कार्ड, जुन्या निकालांशी तुलना हवी: टाइम स्पाय. २०१६पासून आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक कार्डाचे स्कोअर सापडतात. २५६० बाय १४४०वर रेंडर होतं, तुमचा मॉनिटर कितीचाही असो.
- नवं, दमदार कार्ड: स्टील नोमॅड. हे २०२४मध्ये आलं आणि ४के रिझोल्यूशनवर चालतं.
- प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स: नाइट रेड किंवा स्टील नोमॅड लाइट. इथे टाइम स्पाय चालवलंत तर स्लाइड-शो बघायला मिळेल.

टाइम स्पायचा वरचा मोठा आकडा प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून असतो. कार्डांची तुलना करताना खाली वेगळा दिलेला ग्राफिक्स स्कोअरच घ्या. नाहीतर शेजारच्याचं तेच कार्ड "जास्त चांगलं" वाटतं आणि कारण त्याचा प्रोसेसर असतो.

लॅपटॉपवाल्यांना आणखी एक फेरा आहे. कार्डाचं नाव सारखं असलं तरी वीज सारखी नसते. आरटीएक्स ४०६०ची लॅपटॉप आवृत्ती ३५ ते ११५ वॅटमध्ये कुठेही बसवलेली असू शकते. ६० वॅटच्या पातळ लॅपटॉपची ११५ वॅटच्या जाडजूड लॅपटॉपशी तुलना करून निराश होऊ नका. आपल्या मॉडेलचे वॅट शोधा, मग त्याच वॅटचे स्कोअर बघा.

जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची, म्हणजे कार्ड मदरबोर्डशी किती लेनच्या आणि किती वेगाच्या रस्त्याने जोडलंय त्याची, ओळ "एक्स१६ ४.० ॲट एक्स१६ १.१" अशी दिसली तर घाबरून केस उघडू नका. कार्ड रिकामं बसलेलं असताना लिंकचा वेग मुद्दाम उतरतो. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा, आकडा वर जायला हवा. लेन कमी दिसत असतील, म्हणजे एक्स१६च्या जागी एक्स४, तर आधी कार्डाची स्वतःची मर्यादा तपासा. काही कार्डं मुळातच एक्स८ असतात. तसं नसेल तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

खरा प्रश्न गेमचाच असेल तर थ्रीडीमार्कपेक्षा गेममधला बेंचमार्क बरा. सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५, शॅडो ऑफ द टूम रेडर यांत तो आहे. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. निकाल बरोब्बर ६०वर अडकला तर तुम्ही कार्ड नाही, मॉनिटर मोजलात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) यासोबत "वन पर्सेंट लो" (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हाही बघा, तो कॅपफ्रेमएक्ससारखी फुकट सॉफ्टवेअर देतात. सरासरी शंभर असूनही गेम अडखळतो तो या आकड्यात पकडला जातो.

## ७. एसएसडी: चार ओळी, आणि लोक वाचतात पहिली

क्रिस्टलडिस्कमार्क उघडलं की नेहमीच्या सेटिंगला चार ओळी दिसतात. वरच्या दोन "सीक्वेन्शियल", म्हणजे मोठी फाइल सलग वाचणं-लिहिणं. खालच्या दोन "रँडम ४के", म्हणजे चार-चार किलोबाइटचे तुकडे इथूनतिथून उचलणं.

जाहिरातीत छापतात ती पहिली ओळ. तिचे ढोबळ आकडे असे: साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास अडकते, कारण तारेचीच मर्यादा तेवढी. एनव्हीएमई (मदरबोर्डच्या वेगवान पीसीआयई रस्त्यावर बसणारी एसएसडी) तिसऱ्या पिढीत ३५००पर्यंत आणि चौथ्या पिढीत ७०००पर्यंत जाते. पण विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं हा अनुभव बऱ्याच अंशी शेवटच्या ओळीत असतो: रँडम ४के, क्यू१टी१ (एका वेळी एकच मागणी). चांगल्या एनव्हीएमईवरही वाचनाचा हा आकडा बहुतेक वेळा दोन अंकीच असतो. हार्ड डिस्कवर तो १ एमबीच्याही खाली जातो. म्हणूनच हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी लावली की जुनं मशीन तरतरीत होतं, आणि तिसऱ्या पिढीवरून चौथ्या पिढीवर गेल्यावर रोजच्या वापरात फारसं काही जाणवत नाही.

आकडा अपेक्षेच्या निम्म्यावर असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये "ट्रान्सफर मोड" वाचा. तिथे दोन आकडे असतात: सध्या ड्राइव्ह कशावर जोडलीये आणि तिची क्षमता किती. "पीसीआयई ३.० एक्स४ | पीसीआयई ४.० एक्स४" दिसलं तर ड्राइव्ह चांगली आहे, स्लॉट किंवा प्रोसेसर जुन्या पिढीचा आहे. बऱ्याच मदरबोर्डवर एसएसडी बसवायच्या दोन एम.२ स्लॉटपैकी एकच पूर्ण वेगाचा असतो. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये तो कुठला ते लिहिलेलं असतं.

स्वस्त एसएसडीची खरी परीक्षा नेहमीच्या १ जीबीच्या टेस्टमध्ये होतच नाही. तेवढं लिखाण ती आपल्या वेगवान कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) सहज घेते. पन्नास-साठ जीबीची एखादी फाइल दुसऱ्या तितक्याच वेगवान ड्राइव्हवरून कॉपी करा आणि विंडोजचा आलेख बघा. मध्येच कड्यावरून पडल्यासारखा वेग कोसळला तर कॅश भरली. व्हिडिओवाल्यांना हे महत्त्वाचं, बाकीच्यांनी मनाला लावून घेऊ नये. ड्राइव्ह जवळजवळ भरलेली असली तर हे आणखी लवकर होतं. आणि ही टेस्ट दिवसातून दहादा चालवू नका, प्रत्येक फेरीत लिखाण होतं आणि एसएसडीचं आयुष्य लिखाणातच मोजतात.

## ८. रॅम: मोजण्यापेक्षा तपासा

रॅमसाठी वेगळा बेंचमार्क बहुतेकांना लागत नाही. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमधल्या दोन गोष्टी बघितल्या की काम झालं.

एक, डीरॅम फ्रीक्वेन्सी. हा आकडा छापील वेगाच्या निम्मा असतो. डीडीआर४-३२००साठी १६०० दिसायला हवेत. १०६६ किंवा १३३३ दिसले तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नाही. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर यालाच एक्स्पो म्हणतात.

दोन, चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले रस्ते. डीडीआर४वर "ड्युअल" हवं. डीडीआर५वर मात्र "४ बाय ३२-बिट" असं दिसतं आणि ते बरोबरच असतं. एकच स्टिक असेल तर निम्मा रस्ता बंद: डीडीआर४-३२०० एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी, दोनवर ५१.२. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात.

बदल केल्यावर आकडा हवाच असेल तर सेव्हन-झिपमध्ये टूल्स, बेंचमार्क. कॉम्प्रेसिंगचा आकडा रॅमच्या प्रतिसादावर बराच हलतो, त्यामुळे आधी-नंतरचा फरक लगेच दिसतो.

## ९. फक्त ब्राउझर आणि ऑफिस असेल तर

स्पीडोमीटर ३ ही टेस्ट ब्राउझरमध्येच चालते, काही टाकावं लागत नाही. एक्स्टेन्शन नसलेल्या प्रायव्हेट खिडकीत चालवा. ब्राउझर बदलला की स्कोअर बदलतो, म्हणून दोन मशीनवर तोच ब्राउझर, तीच आवृत्ती ठेवा.

मॅकवर सिनेबेंच, गीकबेंच आणि डिस्कसाठी ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट एवढं पुरतं. लिनक्सवर फोरॉनिक्स टेस्ट सूट, डिस्कसाठी एफआयओ.

## १०. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा

प्रत्येक टेस्ट तीनदा चालवा, मध्ये मशीन थंड होऊ द्या आणि तिन्हींतला मधला आकडा घ्या. त्याच मशीनवर दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच. तेवढ्या फरकावरून "नवीन ड्रायव्हर भारी आहे" म्हणू नका. नोंदीत तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, खोलीचं तापमान, चार्जर होता का आणि कमाल तापमान लिहा. खोली आठ-दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो, त्यामुळे एका ऋतूतला निकाल दुसऱ्या ऋतूतल्या निकालाशी जपून ताडावा.

## ११. स्कोअर कमी आला तर या क्रमाने

दुसऱ्यांच्या निकालांत ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेली, मशीनंही असतात, त्यामुळे यादीतल्या सगळ्यात वरच्या स्कोअरशी बरोबरी करू नका. आपल्याच पार्ट्सच्या मधल्या गटापेक्षा दहा टक्के किंवा अधिक मागे असाल तरच शोध सुरू करा. आधी फुकटचं तपासा: पॉवर मोड, चार्जर, पाठीमागे चालणारे प्रोग्रॅम. मग बायोसमधलं एक्सएमपी आणि रॅमचे स्लॉट. मग केबल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर. त्यानंतर कूलरची धूळ आणि पंखे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्यात तर स्कोअर वाढेलही, पण कशामुळे ते कळणार नाही. थर्मल पेस्ट शेवटी. आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्क्रू काढण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.